तोलामोलाची जोड

पत्र : दादा, सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितेय. माझा मुलगा १५ वर्षांचा, वजन ५२ किलो. दोन वर्षं झाली, बॉक्सिंगला जातो. गेले दोन महिने सर त्याला क्लबमधल्या १७ वर्षांच्या, ६६ किलोच्या मुलाबरोबर स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभं करतात. ‘भारी पोराचा मार अंगवळणी पडला की आपल्या वजनाचा मार लागतच नाही,’ असं त्यांचं म्हणणं. पोरगं घरी येतं आणि डोकं दुखतंय म्हणून दिवा बंद करून पडतं. आता स्पर्धा महिन्यावर आलीय, तर ४८ च्या गटात खेळायचं म्हणून चार किलो उतरवायला सांगितलंय. खालच्या गटात पोरं कमी असतात म्हणे. रात्रीची भाकरी बंद झालीय. आमचे मालक जुने पैलवान. ते म्हणतात, तालमीत आम्ही दुप्पट वजनाच्या गड्यांशी खडाखडी करायचो, काही होत नसतं. मुलगा मोबाइलवर पॅकियाओ आणि उसिक या बॉक्सरांच्या लढती दाखवतो आणि म्हणतो, आई, वजनानं काही ठरत नाही. मी एकटीच घाबरतेय का? त्याचा खेळ बंद करायची माझी इच्छा नाही. — एक आई

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘दिवा बंद करून पडतं.’ बाकीचं सगळं आपण सावकाश बोलू, पण हे आधी. स्पारिंगनंतर डोकं दुखणं आणि उजेड सहन न होणं ही मेंदूला हादरा बसल्याची लक्षणं असू शकतात. उद्याच त्याला डॉक्टरकडे न्या, शक्य असेल तर मेंदूच्या डॉक्टरकडे. डोक्याला मार लागतोय, किती दिवस लागतोय, हे स्पष्ट सांगा. ‘खेळताना जरा लागलं’ एवढंच सांगून येऊ नका. ते बघून ‘चालेल’ म्हणेपर्यंत स्पारिंग पूर्ण बंद. मळमळ, विसरभोळेपणा, उगाच चिडचिड, झोप जास्त होणं किंवा न लागणं, यातलं काही दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा. आणि सारख्या उलट्या झाल्या, हाक मारून नीट जाग आली नाही, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, झटका आला किंवा हातापायातली ताकद गेली, तर रात्र असो की पाऊस, सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं. या वयात पहिला हादरा बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. स्पर्धेत डोक्याला मार लागून मुलगा नॉकआऊट झाला तर त्याला किमान ३० दिवस रिंगपासून लांब ठेवतात, ते याचसाठी. क्लबच्या चार भिंतींत तो नियम लावायला कुणी नसतं, म्हणून तो आईबापांनी लावायचा.

तुम्ही एकट्या घाबरत नाही आहात. तुमच्या घरात तुम्हीच बरोबर आहात.

आता वजनाचं. ठोसा नुसत्या हातानं बसत नसतो. मागच्या पायाचा चवडा जमीन रेटतो, कंबर फिरते, खांदा पुढे येतो आणि हे सगळं अंग शेवटी मुठीतून बाहेर पडतं. ६६ किलोचा मुलगा मनात काही नसताना, अर्ध्या जोरानं जरी मारत असला, तरी त्याच्या मुठीमागे तुमच्या मुलापेक्षा १४ किलो अंग जास्त उभं असतं. म्हणजे तुमच्या मुलाच्या वजनाच्या पाव हिश्शाहून जास्त. आणि ज्या डोक्यावर तो ठोसा बसतो ते पेलायला १५ वर्षांच्या पोराची मान असते. ती मान बघा एकदा. १७ व्या वर्षी मुलाची मान, खांदे, पाठ पुरुषासारखी भरायला लागलेली असते, १५ व्या वर्षी अजून ती पोराचीच असते. ठोशानं डोकं झटक्यात वळतं आणि मेंदू आत हलतो. वाळलेला नारळ कानाशी धरून हलवला की आत सुटा झालेला गोटा कसा हलतो, तसं काहीसं समजा.

हेडगार्ड असतं ना, असं दाजी म्हणतील. हेडगार्डनं भुवई फाटत नाही, कान वाचतो, डोक्याला डोकं आपटलं तर खोक पडत नाही. आतला हादरा त्यानं फारसा अडत नाही. आणि ‘मार अंगवळणी पडतो’ हे सरांचं म्हणणं सपशेल चूक आहे. सराव करून पोटाचे स्नायू घट्ट होतात, मान भरते, डोळे ठोसा येताना मिटायचे थांबतात. मेंदूला घट्टे पडत नाहीत. उलट एकदा हादरलेलं डोकं पुढच्या वेळी कमी मारातही हादरू शकतं.

त्याच्या वयोगटातले वजनी गट बघा : ५२, ५४, ५७, ६०, ६३, ६६. म्हणजे स्पर्धेत ज्या मुलासमोर त्याला उभं करायला कुठलाही पंच तयार होणार नाही, पाच पायऱ्या वरच्या, अशा मुलासमोर तो दोन महिने उभा आहे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पुरुषांचे रूढ गट १७ आहेत. अगदी खालचे गट तीन-चार पौंडांच्या (एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम) अंतरानं आहेत, १०५, १०८, ११२, ११५, ११८. वर मात्र १७५ नंतर एकदम २००, आणि त्यापुढे हेवीवेटला मर्यादाच नाही. लहान अंगाला दीड-दोन किलोसुद्धा भारी पडतात, म्हणून खाली गट इतके दाट. तुमचा मुलगा खालच्या टोकाला आहे. हेवीवेटचे दाखले त्याला लागू होत नाहीत, आणि उसिक हेवीवेट आहे.

उसिकबद्दल मलाही अतोनात प्रेम आहे, म्हणून सविस्तर सांगतो. मुलालाही हे वाचायला द्या. मे २०२४ मध्ये रियाधला त्यानं टायसन फ्युरीला हरवलं तेव्हा फ्युरीचं वजन २६२ पौंड होतं आणि उसिकचं २२३ च्या थोडं वर. डिसेंबरमधल्या दुसऱ्या लढतीत फ्युरी २८१ होता, उसिक २२६. २५ किलोचा फरक, आणि तरी तिन्ही पंचांनी उसिकला विजयी दिलं. खरंच मोठी गोष्ट. पण तो ‘बारका’ उसिक १०० किलोंच्या वरचा, सहा फूट तीन इंचांचा माणूस आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ९१ किलोत सुवर्ण, मग क्रूझरवेटमधले, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटातले, जगज्जेतेपदाचे चारही मोठे पट्टे, मग २०१९ पासून हेवीवेटला एकेक लढत घेत अंग भरणं. फ्युरीसमोर तो आला ३७ व्या वर्षी. त्याच्या ठोशात फ्युरीला हलवण्याइतकी ताकद होती, आणि ती पहिल्या लढतीच्या नवव्या राऊंडला दिसलीही. ५२ किलोच्या पोराच्या ठोशानं ६६ चा मुलगा मागे सरत नाही. मागे सरत नाही म्हणून तो पुढे येत राहतो, आणि तुमचा मुलगा तीन मिनिटं दोरीला पाठ लावून झाकून उभा राहतो. दोन महिने तो हेच शिकलाय. मी न बघताही सांगू शकतो की त्याचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, आखडला असेल आणि हनुवटी वर आली असेल. मार चुकवायच्या घाईत असलेल्या पोराचं हे असंच होतं.

पॅकियाओची गोष्ट तर अजून वेगळी. डिसेंबर २००८ मध्ये त्यानं ऑस्कर डे ला होयाला आठ राऊंडनंतर स्टुलावरून उठू दिलं नाही. ११२ पौंडांत जगज्जेता झालेला माणूस १४७ ला येऊन एवढ्या मोठ्या नावाला असा मारतो, हे बघून आम्ही सगळेच वेडे झालो होतो. पण डे ला होया तोवर १५४ आणि १६० ला खेळत होता. वर्षानुवर्षं न गाठलेल्या १४७ साठी त्यानं अंग सुकवलं आणि मापाच्या दिवशी १४५ च भरला. प्रत्यक्ष लढतीच्या रात्री रिंगमध्ये उतरताना पॅकियाओ त्याच्यापेक्षा किंचित जडच होता! त्या रात्री मोठा माणूस रिकामा होऊन आला होता. आणि पॅकियाओ ११२ वरून तिथे पोचला तो दहा वर्षांत. मुलाला ही लढत परत बघायला सांगा, पण या वेळी डे ला होयाचे पाय बघ म्हणावं.

मला या विषयात जी लढत सगळ्यात खरी वाटते ती मात्र जुनी आहे. १८ जून १९४१, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. जो लुईस हेवीवेटचा जगज्जेता, १९९ पौंडांचा. समोर बिली कॉन, लाईट हेवीवेटमधून वर आलेला, जाहीर वजन १७४. कॉन देखणा बॉक्सर. बारा राऊंड तो लुईसच्या भोवती फिरला, आत शिरून तीन-चार ठोसे ठेवून बाहेर. बाराव्यात त्यानं लुईसला हलवलंसुद्धा. गुणांवर तो पुढे होता. नुसतं लांब राहिला असता तर हेवीवेटचा पट्टा घरी नेला असता. तेराव्याला तो लुईसला पाडायलाच गेला, पाय रोवून उभा राहिला, आणि राऊंड संपायला दोन सेकंद असताना आडवा झाला. लोक म्हणतात, कॉननं चूक केली. चूक तर झालीच. पण लुईसनं त्या बारा राऊंडांत किती चुका केल्या ते कुणी मोजत नाही, कारण कॉनचे ठोसे लुईसला पाडण्याइतके जड नव्हते. जड माणसाच्या चुका माफ होतात. हलक्याला एकही माफ होत नाही, आणि १५ वर्षांचं पोर चुका करायलाच क्लबमध्ये जातं.

इंग्लंडच्या केल ब्रूकचंही सांगतो, थोडक्यात. वेल्टरवेटचा (१४७ पौंड) अपराजित जगज्जेता, २०१६ मध्ये दोन गट वर जाऊन मिडलवेटच्या (१६० पौंड) गोलोव्हकिनशी लढला. पाचव्या राऊंडला तो पडला नव्हता, उभा होता, पण डोळ्याची खोबण मोडली होती. त्याच्या कोचनं लढत थांबवायला रिंगमध्ये टॉवेल टाकला. प्रेक्षकांना ते आवडलं नसेल. मला ब्रूकपेक्षा तो टॉवेल टाकणारा हात जास्त आठवतो, आणि तुमचं पत्र वाचताना तोच आठवत होता.

दाजींना माझा नमस्कार सांगा. तालमीतून आलेल्या माणसाला वजन कळत नाही असं मी म्हणूच शकत नाही, उलट त्यांच्याइतकं कुणाला कळणार. पण त्यांना एवढं विचारा : वस्ताद जड पैलवान द्यायचे तेव्हा तो बारक्याला आपटायचा की अंगावर वजन टाकून जोर करायला लावायचा? खडाखडीत जड गडी बारक्याला डाव लावू देतो, धरतो, सोडतो. कुस्तीत वजन अंगावर येतं, बॉक्सिंगमध्ये ते डोक्यावर येतं. आणि जत्रेच्या फडात जोड कशी ठरायची तेही त्यांना आठवत असेल. हलगी कडाडतेय, दोन पोरं लंगोटावर शेजारी उभी केलीत, जाणती मंडळी खांदा बघतायत, मांडी बघतायत, हाताला हात लावून मगच जोड जाहीर होते. जोड विजोड लागली तर बघणारेच आरडाओरडा करतात. बॉक्सिंगवाल्यांनी काट्यावर जे ठरवलं ते आपल्याकडे डोळ्यांनी ठरायचं, एवढाच फरक. ‘तोलामोलाची कुस्ती’ या शब्दात तोल पहिला येतो.

याचा अर्थ जड मुलाबरोबर कधीच उभं राहू नये असा नाही. मी स्वतः ४८ चा असताना एका ७० किलोच्या, फौजेतून आलेल्या बॉक्सरनं मला शिकवलंय. तो मोठे ग्लोव्हज घालायचा, फक्त डाव्या हातानं खेळायचा, आणि माझ्या कपाळाला ग्लोव्ह नुसता टेकवायचा. टेकवला की म्हणायचा, ‘इथं होतास.’ तेवढंच. मी जोरात मारलं तरी त्याचा हात कधी जड झाला नाही. अंतर, पाय, श्वास, सगळं त्याच्याकडून शिकलो आणि त्याच्यामुळे एकदाही डोकं दुखलं नाही. तुमच्या मुलाला असा ६६ चा मिळाला तर खुशाल जाऊ द्या. सर रिंगच्या आत उभे हवेत, १६ औंसाचे ग्लोव्हज हवेत, जडानं डोक्याला फक्त जॅब टेकवायचा किंवा फक्त पोटावर खेळायचं हे आधी ठरलेलं हवं, आणि हात जड झाला की तिथल्या तिथे थांबवायची सरांची तयारी हवी. १७ वर्षांच्या मुलाकडून हा संयम आपोआप येत नाही, तो शिकवावा लागतो. पूर्ण जोराचं स्पारिंग मात्र आपल्या वजनाच्या दोन-तीन किलो इकडेतिकडे, वयानं आणि अनुभवानं जुळणाऱ्या मुलाशीच.

आता भाकरी. ती आज रात्रीपासून सुरू करा.

५२ मधून चार किलो म्हणजे जवळजवळ आठ टक्के अंग. वाढत्या पोरात काढायला चरबी नसते, म्हणून निघतं ते पाणी आणि स्नायू. व्यावसायिक बॉक्सरांचं माप लढतीच्या आदल्या दिवशी होतं, त्यांना पाणी-जेवण परत भरायला रात्र मिळते, आणि तरी डे ला होयाचं काय झालं ते वर सांगितलंच. हौशी स्पर्धेत लढतीच्या दिवशी सकाळी वजन घेतात, आणि जिंकलात तर पुढच्या लढतीच्या सकाळी पुन्हा. पोरगं सुकलेलंच रिंगमध्ये उतरतं, आणि सुकलेल्या शरीरावर डोक्याचा मार जास्त धोक्याचा असतो.

मी हे केलंय. एका स्पर्धेआधी मे महिन्यात अंगाला प्लॅस्टिक, वर स्वेटर, वर जर्किन घालून मैदानाला फेऱ्या मारल्या. तोंडातली थुंकी बाटलीत जमवत होतो, तेवढंच वजन. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वेळ अशी आली की पळतोय आणि घामच येत नाही. जीभ टाळ्याला चिकटली होती. काट्यावर बरोबर भरलो, सगळ्यांनी पाठ थोपटली. लढतीत पहिल्या राऊंडनंतर पाय माझे नव्हतेच, दुसऱ्यात काय झालं ते मला नंतर इतरांनी सांगितलं. ज्यांनी पळवलं त्यांनी प्रेमानंच पळवलं होतं, त्यांच्याही गुरूंनी त्यांना तसंच पळवलं होतं. म्हणून तुमच्या सरांवरही मी लगेच वाईटाचा आरोप करत नाही. पण प्रेमानं केलं म्हणून मेंदू वाचत नाही.

शंभर ग्रॅमनी विनेश फोगाटचं पॅरिसमध्ये काय झालं ते घराघरात माहीत आहे. ती तर जगातली मोठी खेळाडू, सोबत डॉक्टर, आहारतज्ज्ञ, सगळे. दाजींना तुमच्याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरची आठवण द्या. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला ५२ किलोत खेळले, सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला ५७ किलोत उतरले आणि कांस्य आणलं. ते वरच्या गटात गेले होते. मेरी कोम ४८ किलोची जगज्जेती, पण २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांसाठी सगळ्यात खालचा गटच ५१ चा होता. तिनं अंग वाढवलं, उपांत्य फेरीत स्वतःच्या नेहमीच्या वजनात खेळणाऱ्या निकोला ॲडम्सकडून हरली, तरी कांस्य घेऊन आली. आणि खालच्या गटात पोरं कमी, या हिशेबाचं म्हणाल तर आपल्या नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये ८१ किलोंच्या वरच्या गटात युवा जगज्जेती झाली आणि पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये ५२ किलोत. सोनं एकाच वजनात दडलेलं नसतं. शिवाय ४८ मध्ये जी पोरं असतात त्यातली निम्मी अशीच वरून सुकून आलेली असतील, तर सोपं कुणाला जाणार?

डॉक्टर खेळू देतील तेव्हा माझ्या मते त्यानं ५२ मध्ये उतरावं, आणि सहा महिन्यांत उंची वाढली तर ५४ मध्ये. ही स्पर्धा डॉक्टरांनी नको म्हटलं तर नको. पुढच्या वर्षीही जिल्हा इथेच आहे.

सरांना भेटायला तुम्ही दोघं जा, पोरांसमोर नको, क्लास सुटल्यावर. दाजींना बोलू द्या, पैलवानाचं बोलणं ते जास्त ऐकतील. डॉक्टरांचा कागद सोबत न्या. डोकं दुखत होतं हे त्यांना कदाचित माहीतही नसेल, मुलं सांगत नाहीत, भित्रा म्हणतील म्हणून. चांगला माणूस हे ऐकून गंभीर होईल आणि तिथेच जोड बदलेल. ‘एवढं नाजूक असेल तर बुद्धिबळाला घाला’ असं काही उत्तर आलं, तर क्लब बदला. सातारा, कराड, कोल्हापूर, कुठेही जावं लागलं तरी बदला. एसटीचा खर्च परवडतो.

मुलाला रागावू नका. त्याला घरी एक वही करून द्या. महिन्यातून एकदा, सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी वजन, आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उंची. त्याच वहीत स्पारिंगचा दिवस, समोर कोण होता, त्याचं वजन किती, आणि नंतर डोकं दुखलं का. हा शेवटचा रकाना त्यानं खोटा भरायचा नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घ्या. पंधरा वर्षांचा आहे, त्याला समजावून सांगितलं तर कळेल.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की मला दोन ओळी कळवा. मी वाट बघतोय.

तुमचा,
दादा